कार्यालयाला कुलूप लागलं तर किती दिवस निघतील?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं मंगल कार्यालय आहे, जोडीला केटरिंग. त्यांचे मिस्टर मंडप-डेकोरेशन बघतात, दीर फोटो-व्हिडिओ शूटिंग करतात. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत चौदा लग्नांचे अ‍ॅडव्हान्स परत द्यायची वेळ आली आणि त्यात ताईंच्या पाटल्या गहाण पडल्या. आता धंदा रुळावर आहे, चालू खात्यात नऊ लाख आहेत. त्या विचारतात: पुन्हा अशी साथ आली तर किती पैसा बाजूला हवा? सहा महिन्यांचा खर्च म्हणतात ते बरोबर का? तो ठेवायचा कुठे, म्युच्युअल फंडात चालेल का? धंदा बंद पडल्याचा विमा असतो का? आणि बँकेने पुन्हा हप्ते थांबवायची सवलत दिली तर घ्यावी का?

ताई, मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सत्तावीस वर्षं काढली आणि आता छोट्या धंद्यांचे हिशेब नि बँकेचे प्रस्ताव बघतो. तुमचे आकडे नीट वाचले. तुमच्याकडे नऊ लाख नाहीत. तिथून सुरुवात करू.

तुम्हीच लिहिलंय की पुढच्या हंगामाच्या 32 तारखा बुक आहेत आणि प्रत्येकी 20,000 घेतलेत. म्हणजे 6,40,000 रुपये लोकांचे. लग्न पार पडेपर्यंत ते तुमचं उत्पन्न नाही, तुमच्यावरचं देणं आहे, आणि तेही बिनव्याजी म्हणून गोड वाटणारं. नऊमधून ते वजा केले की उरतात 2,60,000. आता खर्च बघा: कर्जाचा हप्ता 62,000, कायम माणसं (दोन आचारी, वॉचमन, सफाईवाली) मिळून 58,000, घरखर्च 40,000, आणि विजेचा स्थिर आकार, घरपट्टी, देखभाल असं धरून 15,000. एकूण 1,75,000. हॉलमध्ये एकही पंगत उठली नाही तरी हे जाणारच. 2,60,000 ला 1,75,000 ने भागा: दीड महिनासुद्धा नाही, जेमतेम 45 दिवस. तुम्ही मनात पाच महिने धरून बसला होता.

हा 45 चा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्याने काढा. बँकेत मी शेकडो ताळेबंद पाहिले, 2020 मध्ये त्यातले कोण तगले आणि कोण बुडाले तेही पाहिलं. नफ्याच्या रकान्यावरून ते ओळखता आलं नसतं. चांगला नफा असलेले बुडाले, कारण त्यांचा नफा नव्या हॉलच्या फरशीत आणि नव्या जनरेटरमध्ये गेला होता. पगाराची तारीख आली तेव्हा फरशी विकता येत नव्हती.

तुमच्या धंद्याला साथीचा फटका इतरांपेक्षा जास्त का बसतो, हे थोडं सविस्तर सांगतो. 25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता. त्याच दिवसापासून 21 दिवसांची टाळेबंदी सुरू झाली, ती पुढे वाढली, आणि 26 एप्रिलची अक्षय्य तृतीयाही त्यात गेली. लग्नसराईचा गाभाच गेला. त्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचं सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या तिमाहीपेक्षा सुमारे 24 टक्क्यांनी घसरलं, असं पेपरात आलं. पण ही सरासरी झाली. शेती त्या तिमाहीतही वाढली, औषधवाल्यांना उसंत नव्हती, आणि मंगल कार्यालयांचा धंदा शून्यावर आला. शिवाय हुकलेली विक्री पुढे सगळ्यांनाच भरून काढता येत नाही. फ्रीज विकणाऱ्याचं एप्रिलचं गिऱ्हाईक ऑक्टोबरात आलं. तासगावकडे द्राक्षाला उठाव राहिला नाही तेव्हा बागायतदारांनी माल बेदाण्याला टाकला, पैसे उशिरा आले पण आले. तुम्ही विकता ती तारीख. रिकामी गेलेल्या तारखेचा बेदाणा होत नाही.

दुसरं, नियम उठले तरी धंदा उठत नाही. आधी पन्नास माणसांची मर्यादा, आणि दुसऱ्या लाटेत, 22 एप्रिल 2021 पासून आपल्या राज्यात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास, मोडलं तर 50,000 दंड. पंचवीस माणसांत आचाऱ्याची मजुरी सुटत नाही. म्हणून तुमचा हिशेब एका धक्क्याचा धरू नका. मार्च 2020 आणि एप्रिल 2021, असे लागोपाठ दोन हंगाम गेले होते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या लाटेतून बाहेर पडले होते, दिवाळीनंतर थोडं कमावलं, त्यातून जुनी देणी फेडली आणि हात मोकळे झाल्या झाल्या दुसरी लाट आली. त्यातले काही तिथे संपले.

म्हणून सहा महिन्यांचा नियम तुम्हाला पुरणार नाही. तो नोकरदाराचा नियम आहे, नोकरी गेली तर सहा महिन्यांत दुसरी मिळेल या हिशेबाचा. हंगामी धंद्याने एक पूर्ण हंगाम बुडाला असं धरायचं, म्हणजे या हंगामाच्या शेवटापासून पुढच्या हंगामाच्या पहिल्या पैशापर्यंत. तुमच्या बाबतीत ते साधारण नऊ महिने होतात. 1,75,000 गुणिले नऊ म्हणजे पावणेसोळा लाख. घाबरू नका, हे सगळं रोख नको. हप्ता लांबवता येतो, घरखर्च आवळता येतो, काही भाग मंजूर पण न वापरलेल्या कर्जमर्यादेतून येऊ शकतो. माझ्या मते चार महिन्यांचं रोख किंवा रोखीसारखं, म्हणजे सात लाख, आणि बाकीच्याची सोय आधी करून ठेवलेली. सात लाख एका हंगामात जमणार नाहीत. प्रत्येक लग्नामागे 6,000 वेगळ्या खात्यात टाकत गेलात तर 32 तारखांना 1,92,000 होतात. हातातल्या 2,60,000 मध्ये ते धरून साडेचार लाख झाले. दोन हंगाम आणि थोडं लागेल, लागू द्या.

त्याआधी मात्र एक काम उद्याच करा. बुकिंगच्या पैशांसाठी दुसरं बचत खातं उघडा. आलेला अ‍ॅडव्हान्स तिथे जाईल आणि लग्नाच्या आठवड्यात, किराणा भरायच्या वेळी, चालू खात्यात येईल. जीएसटी भरत असाल तर सेवेच्या अ‍ॅडव्हान्सवर कर तो पैसा आलेल्या महिन्यातच लागतो, तेवढा काढून घ्या. पुढे अ‍ॅडव्हान्स परत केला तर रिफंड व्हाउचर (पैसे परत दिल्याची जीएसटीची पावती) करून तो कर जुळवता येतो. 2020 मध्ये हे व्हाउचर किती जणांनी केलंच नव्हतं, हे सांगायला नको.

पावतीवरचा मजकूरही बघा. तुमच्या पावतीवर ठळक अक्षरात ‘अ‍ॅडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं छापलंय. मुलीच्या बापाने तारीख बदलली तर ते ठीक आहे. पण सरकारी आदेशाने समारंभच अशक्य झाला तर 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 56 येतं, करार रद्दबातल होतो, आणि कलम 65 प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. तपशिलावर वकील वाद घालतील, पण गावात राहून चौदा घरांशी कोर्टात भांडणारा कार्यालयवाला मी अजून पाहिलेला नाही. म्हणून आधीच लिहा: शासकीय आदेशामुळे समारंभ होऊ शकला नाही तर बारा महिन्यांच्या आत कोणतीही मोकळी तारीख त्याच दरात मिळेल, रक्कमच हवी असल्यास झालेला प्रत्यक्ष खर्च वजा करून तीन मासिक हप्त्यांत परत मिळेल. तुम्ही चौदा जणांचे पैसे एकाच आठवड्यात दिलेत, कारण सगळे एकाच आठवड्यात दारात आले आणि तुमच्याकडे दाखवायला कागद नव्हता. ‘तीन हप्ते’ एवढे दोन शब्द पावतीवर असते तर पाटल्या घरात राहिल्या असत्या.

आता पैसा ठेवायचा कुठे. याचा धडा मला माझ्याच घरात मिळाला. एप्रिल 2021 मध्ये धाकट्या भावाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. अकरा वाजता काउंटरवर डिपॉझिट एक लाख मागितलं. माझ्या एफडी होत्या, आयुष्यभर लोकांना एफडी करा म्हणून सांगत आलोय, पण त्या होत्या कागदी पावतीच्या, पावत्या कपाटात, आणि शाखा उघडणार सकाळी दहाला. शेवटी भाच्याच्या मित्राने यूपीआयने पैसे पाठवले. भाऊ वाचला. पण बँकेत जन्म काढलेल्या माणसाला त्या रात्री पोराटोरांपुढे हात पसरावा लागला, ते विसरत नाही. तेव्हापासून महिनाभराचा खर्च साध्या बचत खात्यात, मोबाइलवरून रात्री-अपरात्री काढता येईल असा ठेवतो. त्यावरचा पैसा ऑनलाइन मोडता येणाऱ्या ठेवीत. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही ठरल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलायची सोय, आधीच घेऊन ठेवला तर ठेव मोडावीही लागत नाही, वापरलं तेवढ्यावरच व्याज.

आणि दोन बँकांत ठेवा. ठेव विमा, म्हणजे बँकच अडचणीत आली तर ठेवीदाराला मिळणारी हमीची रक्कम, 5 लाखांचा आहे, 4 फेब्रुवारी 2020 पासून; त्याआधी 1 लाखच होता. तो एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या शाखांतल्या सगळ्या खात्यांचा मिळून आणि मुद्दल-व्याज धरून असतो, हे लक्षात ठेवा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला माणशी फक्त 1,000 रुपये काढता येत होते. मर्यादा वाढत वाढत जून 2020 मध्ये 1 लाखावर आली. म्हणजे त्या ठेवीदारांनी टाळेबंदीचे पहिले महिने स्वतःचा पैसा बँकेत अडकलेल्या अवस्थेत काढले. मी स्वतः सहकारी बँकेचा माणूस, सहकाराला नावं ठेवत नाही, पण सगळी अंडी आमच्याकडेही ठेवू नका. आता 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळायची तरतूद आहे. ठीकच आहे, पण तुमचा आकडा 45 दिवसांचा आहे, हे विसरू नका.

म्युच्युअल फंडाचं विचारलंय. आणीबाणीचा पैसा तिथे ठेवायचाच तर रोखता सर्वात जास्त असलेल्या, म्हणजे पैसे चटकन हातात येतील अशा प्रकारात, अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून कमी प्रतीच्या रोख्यांत नको. 23 एप्रिल 2020 ला फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या, सुमारे 25,000 कोटी अडकले. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण ज्याला मे महिन्यात पगार करायचे होते त्याला ‘पुढे’ काय कामाचं? शेअरचंही तेच. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळून 25,981 वर बंद झाला आणि जानेवारी 2021 मध्ये त्याने 50,000 ला हात लावला. ज्याला मार्चमध्ये विकावं लागलं आणि ज्याला लागलं नाही, या दोघांत अकलेचा फरक नव्हता. एकाच्या खात्यात चार महिन्यांचा खर्च होता.

सोनं उलट चढलं, आणि ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा मार्च 2021 पर्यंत दिली. एरवी ती 75 होती. तुमच्या पाटल्यांनी काम केलं ते योग्यच केलं. पण तो शेवटचा हात आहे, पहिला नव्हे.

हप्ते थांबवण्याची सवलत. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 ला तीन महिने दिले, 22 मे ला आणखी तीन, म्हणजे 1 मार्च ते 31 ऑगस्ट. काउंटरवर येणाऱ्या दहातल्या आठ जणांना वाटायचं की सरकारने हप्ते माफ केले. माफ काही झालं नव्हतं. 30 लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के, 180 हप्ते बाकी, असं उदाहरण घ्या. हप्ता येतो 29,542. सहा महिने भरला नाहीत तर साधं व्याजच 1,27,500 चढतं. मग तोच हप्ता चालू ठेवला तर 180 ऐवजी जवळजवळ 197 हप्ते भरावे लागतात. आणि ज्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गाजावाजा झाला, ते व्याजावरचं व्याज किती होतं या उदाहरणात? 2,280 रुपये. दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना सरकारने ते नोव्हेंबर 2020 मध्ये परत दिलं, मार्च 2021 च्या निकालाने बाकीच्यांनाही. लोक 2,280 परत आले म्हणून खुश आणि 1,27,500 कडे कुणाचं लक्ष नाही.

तरी सवलत वाईट नव्हती. हातात रोख नसेल आणि समोर आचाऱ्याचा पगार असेल तर ती जरूर घ्या. त्या काळात खातं थकीत धरलं जात नव्हतं, आणि एनपीए, म्हणजे बँकेने अनुत्पादक ठरवलेलं, खातं पुढे फार महागात पडतं. मात्र पैसे आल्या आल्या हप्ता वाढवा किंवा मुद्दलात भरा. ज्यांचा पगार चालू होता आणि ज्यांनी ‘मिळतंय तर घेऊ’ म्हणून घेतली, त्यांनी बँकेला देणगी दिली.

मे 2020 मध्ये आलेल्या सरकारी हमीच्या कर्जाबद्दल एक गोष्ट, जी फारशी बोलली जात नाही. ते 29 फेब्रुवारी 2020 ला जे कर्ज येणं होतं त्याच्या 20 टक्के मिळायचं, नवीन तारण नाही, चार वर्षांची मुदत, पहिल्या वर्षी मुद्दल नाही. म्हणजे ज्याचं बँकेत आधीचं कर्ज खातं नीट चालू होतं त्याला आठवड्याभरात पैसे. ज्याने अभिमानाने ‘आम्ही कुणाच्या पैशाचे मिंधे नाही’ म्हणून बँकेची पायरी चढली नव्हती, त्याला शून्याचे 20 टक्के. तुम्ही धंदा तेजीत असताना, कागद चांगले दिसत असताना, पाच लाखांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा घ्या. वर्षातून दोनदा थोडी वापरा, लगेच भरा. अडचणीत आल्यावर मागायला गेलात तर माझ्यासारखाच कुणीतरी समोर बसलेला असेल आणि तो गेल्या तीन महिन्यांची उलाढाल विचारेल.

विम्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आगीच्या पॉलिसीला जोडून नफा बुडाल्याचं संरक्षण मिळतं, पण त्याला आधी वास्तूचं किंवा मालाचं प्रत्यक्ष नुकसान व्हावं लागतं. आदेशाने लागलेलं कुलूप म्हणजे नुकसान नव्हे, त्यामुळे 2020 मध्ये दावे बसले नाहीत. इंग्लंडात यावर खटला होऊन जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बऱ्याच धंद्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तिथल्या त्या पॉलिसींची कलमंच वेगळी होती. टेनिसच्या विंबल्डनवाल्यांनी मात्र साथीचा विमा वर्षानुवर्षं भरत ठेवला होता आणि 2020 ची स्पर्धा रद्द झाल्यावर त्यांना तो मिळाला. आपल्याकडे नूतनीकरणाला आलेली पॉलिसी उघडा आणि संसर्गजन्य रोगाचा अपवाद लिहिलाय का ते वाचा. तो पैसा आरोग्य विम्यावर घाला. दुसऱ्या लाटेत कित्येक धंदे बंदीने गेले नाहीत, मालकाच्या दवाखान्याच्या बिलाने गेले. कर्ज ज्यांच्या नावावर आहे त्या मिस्टरांचा मुदत विमा कर्जाइतका तरी हवा.

राहता राहिलं घरातलं. हॉल तुमचा, मंडप मिस्टरांचा, कॅमेरा भाऊजींचा. तीन धंदे दिसतात, पण गिऱ्हाईक एकच: नवरीचा बाप. तो थांबला की तिघे एकाच दिवशी थांबता. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर गावाकडे निघून गेलं, तेव्हा एरवी महिन्याचा पगार अडवून ठेवणाऱ्या गिरणीमालकांना टिकलेल्या कामगारांना रोजच्या रोज पैसे मोजावे लागले. कामगाराला गावी जाता येत होतं, कारण गावी काहीतरी होतं. तुमच्या तिघांपैकी एकाचं तरी ‘गाव’ वेगळं हवं. दिरांनी शाळा-कारखान्यांची कामं धरली किंवा तुम्ही केटरिंगच्या भांड्यांवर डब्यांची मेस लावली, तरी चालेल. मात्र सरकारी जेवणाची कंत्राटं धरताना जपून: माझ्या ओळखीच्या एका केटररने विलगीकरण केंद्राला डबे पुरवले, वहीत विक्री झकास, बिल निघालं आठ महिन्यांनी, आणि तेवढ्यात किराणावाल्याची उधारी त्याच्या छातीवर बसली.

तर आधी दुसरं खातं, मग पावती, मग ओव्हरड्राफ्ट. नवीन पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी मजकूर मला पाठवा. ‘शासकीय आदेश’ या शब्दांपुढे पूर, दुखवटा आणि आचारसंहिता यांचं काय, तेही त्यात बसवून देतो. सांगलीत पुराला विसरून कसं चालेल?